पोलीस नाहीत, तरी गावात ऊस नाही: हिवरे बाजारचा नियम आणि २४०० वर्षांपूर्वीचा ग्रीक वाद

अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचं अहमदनगर. हा साखर कारखान्यांचा जिल्हा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला. इथे पाण्याची सोय झाली की शेतकरी आधी उसाचा विचार करतो.

पण याच जिल्ह्यात, नगर तालुक्यात एक गाव आहे, तिथे ऊस लावायचा नाही असं ठरलंय. केळीही नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. गुरं मोकाट सोडायची नाहीत. झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. गावाबाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही.

गावाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, हिवरे बाजार.

आता गंमत बघा. स्वतःच्या शेतात ऊस लावू नका असं सांगणारा कोणताही सरकारी कायदा या गावासाठी नाही. ऊस लावला म्हणून पोलीस पकडून नेणार नाहीत. तरीही तीन दशकं गाव हे नियम पाळतंय. दुसरीकडे भूजल वाचवण्यासाठी राज्याने रीतसर कायदे केले. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर १९९३ च्या कायद्याने बंधन आणलं. २००९ चा भूजल कायदाही आहे. पण दर उन्हाळ्यात राज्यात बोअरच्या गाड्या फिरतात आणि पाणी आणखी खोल जातं.

म्हणजे एका ठिकाणी कायदा आहे, पण तो कोणी पाळत नाही. दुसऱ्या ठिकाणी कायद्याचा कागद नाही, पण नियम पाळला जातो. असं का होतं?

हा प्रश्न नवीन नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या अथेन्स शहरात नेमक्या याच प्रश्नावर डोकेफोड चालली होती. चांगल्या कायद्यामुळे माणसं चांगली होतात, की माणसं चांगली असली की कायदा चालतो? आणि राज्य चांगल्या माणसाच्या हातात द्यावं, की चांगल्या कायद्याच्या?

ग्रीकांनी दिलेली उत्तरं आपल्या ग्रामसभेला लावून बघितली, तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी हिवरे बाजारमध्ये झालं काय?

हिवरे बाजार पर्जन्यछायेत येतं. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. एकेकाळी हे गाव पैलवानांसाठी ओळखलं जायचं. १९७२ च्या दुष्काळानंतर मात्र गावाची घडी विस्कटली. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसं मजुरीसाठी बाहेर पडली. गावात दारूच्या भट्ट्या लागल्या. सरकारी नोकराला हिवरे बाजारला बदली मिळाली की ती शिक्षा वाटायची.

१९८९ मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा हा तरुण गावातला पहिला पदव्युत्तर. गावाने आधी शाळेचं काम हातात घेतलं, मग पाण्याचं. डोंगरावर समतल चर खोदले, नाल्यांवर बांध घातले, झाडं लावली. १९९४ मध्ये गाव राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत आलं.

या योजनेमागे त्याच जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचा अनुभव होता. त्यातूनच पाच नियम आले: श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि कुटुंब नियोजन. हिवरे बाजारने त्यात शेतीसाठी बोअरबंदीची भर घातली.

२००४ पासून गाव पाण्याचा ताळेबंद मांडतंय. पावसाळा संपला की किती पाऊस झाला, विहिरींची पातळी किती आहे, हे मोजायचं. आकडे ग्रामसभेपुढे ठेवायचे. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं. उरलेल्या पाण्यात रब्बीला काय घ्यायचं, ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. पाऊस कमी झाला असेल तर जास्त पाण्याची पिकं त्या वर्षी नाहीत.

परिणाम काय झाला? १९९५ मध्ये गावातली १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. पुढच्या दीड दशकात हा आकडा ३ वर आला. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली.

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. पण यातलं खरं कोडं चर आणि बांधाचं नाहीच. चर आणि बांध राज्यभर झाले, त्यावर कोट्यवधी खर्च झाले. कोडं हे आहे की जमिनीत पाणी वाढल्यावर ते उपसून ऊस लावण्याचा मोह या गावाने कसा टाळला?

सगळ्यांचं ते कुणाचंच नाही

इथे पहिला ग्रीक माणूस येतो, ॲरिस्टॉटल. इ.स.पू. चौथ्या शतकातला. याने आणि याच्या शिष्यांनी वेगवेगळ्या १५८ नगरराज्यांच्या राज्यघटनांची माहिती जमवली होती, असं सांगतात. म्हणजे नुसतं मनात आलं आणि लिहिलं, असं काम नव्हतं.

'पॉलिटिक्स' या ग्रंथात त्याने एक साधं निरीक्षण नोंदवलंय. जी गोष्ट जास्तीत जास्त लोकांच्या मालकीची असते, तिची काळजी सगळ्यात कमी घेतली जाते. प्रत्येक जण स्वतःचं आधी बघतो आणि सामायिक गोष्टीकडे दुसरा कोणीतरी बघेल असं धरून चालतो.

गायरान, डोंगर, ओढा आणि जमिनीखालचं पाणी यांना हे तंतोतंत लागू पडतं. तुमच्या शेतातला बोअर तुमचा, पण त्यातून येणारं पाणी शेजाऱ्याच्या शेताखालूनही येतं. तुम्ही ४०० फूट गेलात की तो ५०० फूट जातो. दोघंही शहाणेच. पण दोघांच्या शहाणपणाची बेरीज केली की गावाला टँकर लागतो.

अशा ठिकाणी एकट्या माणसाच्या चांगुलपणाचा उपयोग नाही. मी एकट्याने बोअर घेतला नाही तर पाणी शेजारी उपसणार, हे मला माहीत असतं. त्यामुळे सगळ्यांना बांधणारा नियम लागतो. तो पाळला जाईल याची खात्री लागते. आणि शेजारीही पाळतोय हे डोळ्यांना दिसावं लागतं. पाण्याचा ताळेबंद भर ग्रामसभेत मांडण्याचा हाच फायदा. आकडे सगळ्यांपुढे असतात, शिवारही सगळ्यांपुढे असतं. कोणी काय पेरलंय हे लपत नाही.

कडक शिक्षा केली की लोक सुधारतात?

आपल्याकडे कुठलाही प्रश्न निघाला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "कडक कायदा करा, दोन-चार जणांना लटकवा, बघा कसे सरळ होतात."

अथेन्सने हे करून बघितलं होतं. इ.स.पू. ६२१ च्या सुमारास ड्रॅको नावाच्या माणसाने अथेन्सचे कायदे पहिल्यांदा लिहून काढले. कायदा लिहिला गेला ही मोठीच गोष्ट होती, कारण त्याआधी सरदार घराण्यांतले लोक सांगतील तोच कायदा. पण ड्रॅकोच्या शिक्षा भयंकर होत्या. किरकोळ चोरीलाही मृत्युदंड. आजही इंग्रजीत अति कठोर कायद्याला त्याच्याच नावाने ओळखतात.

यातून अथेन्स शांत झालं का? नाही. गरीब शेतकरी कर्जात बुडाले होते. कर्ज फिटलं नाही तर स्वतः गुलाम व्हायची वेळ यायची. शहर यादवीच्या काठावर आलं.

इ.स.पू. ५९४ मध्ये सोलनला अधिकार देण्यात आले. त्याने माणूस तारण ठेवून कर्ज घ्यायची प्रथा बंद केली, जमिनीवरचा कर्जाचा बोजा उतरवला. ड्रॅकोचे खुनाबद्दलचे कायदे सोडून बाकीचे रद्द केले. नवे कायदे लाकडी फिरत्या चौकटींवर लिहून लोकांना दिसतील असे ठेवले. श्रीमंत नाराज झाले, कारण कर्ज बुडालं. गरीबही नाराज झाले, कारण त्यांना जमिनीचं फेरवाटप हवं होतं.

मग सोलनने काय केलं? अथेन्सच्या लोकांकडून कायदे न बदलण्याची शपथ घेतली आणि तो दहा वर्षांसाठी शहर सोडून निघून गेला. लोकांनी आता कायद्याकडे बघावं, कायदा करणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, असा त्याचा हिशोब होता.

हा हिशोब लगेच काही जमला नाही. काही दशकांतच पिसिस्ट्रॅटस नावाच्या नेत्याने अथेन्सची सत्ता बळकावली. पण कर्जासाठी माणूस गुलाम करण्याची प्रथा अथेन्समध्ये परत आली नाही.

कडू औषध आणि समजावणारा डॉक्टर

आता परत पारनेर तालुक्यात येऊ. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन राळेगणसिद्धीला परतले. यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार, मग दारूबंदी, मग पाणलोटाची कामं. गावातल्या भट्ट्या बंद झाल्या. राळेगणची कीर्ती देशभर गेली.

पण या कीर्तीला एक दुसरी बाजू आहे. वारंवार सांगूनही दारू न सोडणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं जायचं. ही गोष्ट लपवलेली नाही, अण्णांनी ती स्वतः सांगितली आहे. त्यावर त्यांचं म्हणणं असं की आई आजारी मुलाला कडू औषध देतेच ना, ते त्याच्या भल्यासाठीच असतं. अनेक अभ्यासकांनी यावर टीका केली. गावाचं भलं झालं म्हणून मारहाण योग्य ठरते का, हा त्यांचा सवाल.

योगायोग असा की प्लेटोनेही कायद्याबद्दल बोलताना औषधाचंच उदाहरण घेतलं होतं.

प्लेटो हा ॲरिस्टॉटलचा गुरू. म्हातारपणी लिहिलेल्या 'लॉज' या ग्रंथात तो दोन प्रकारच्या डॉक्टरांबद्दल सांगतो. एक डॉक्टर गुलामांना तपासणारा. तो काही विचारत नाही, काही सांगत नाही, हुकूम सोडतो आणि पुढच्या रोग्याकडे जातो. दुसरा डॉक्टर स्वतंत्र नागरिकांना तपासणारा. तो रोग्याशी बोलतो, घरच्यांशी बोलतो, आजार समजावून सांगतो आणि रोग्याचं मन तयार झाल्याशिवाय औषध देत नाही.

प्लेटोचं म्हणणं असं की कायदा करणाऱ्याने दुसऱ्या डॉक्टरसारखं असावं. प्रत्येक कायद्याला आधी प्रस्तावना असावी, त्यात हा कायदा का केला ते पटवून द्यावं. शिक्षेची भाषा नंतर.

आता ही फूटपट्टी लावून बघा. खांबाला बांधणं हा पहिल्या डॉक्टरचा मार्ग. पाऊस मोजून, विहिरी मोजून, ग्रामसभेत आकडे मांडून "यंदा एवढंच पाणी आहे, सांगा काय पेरायचं" असं विचारणं हा दुसऱ्या डॉक्टरचा मार्ग.

मारहाणीने दारू सुटल्याची उदाहरणं असतीलही. पण मारणाऱ्याचा धाक आहे तोवरच तो नियम टिकतो. पटलेला नियम मात्र कोणी बघत नसतानाही पाळला जातो.

दारूबंदीचा कायदेशीर रस्ताही नंतर निघाला. गावातल्या किंवा प्रभागातल्या महिला मतदार मागणी करून गुप्त मतदानाने दारूचं दुकान बंद करू शकतात. हीच ती 'आडवी बाटली'. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. इथे कोणाला खांबाला बांधावं लागत नाही.

सद्गुण म्हणजे सवय

पटलं म्हणून माणूस लगेच तसा वागतो का? तसंही नाही. सिगारेट वाईट हे पटलेले किती जण रोज ओढतात!

इथे ॲरिस्टॉटल पुन्हा मदतीला येतो. त्याच्या मते चांगुलपणा जन्मजात नसतो आणि नुसतं ऐकूनही येत नाही. घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वाजवून वादक होतो, तसंच न्यायाने वागून वागून न्यायी होतो. म्हणून चांगल्या कायद्याचं काम त्याच्या लेखी एकच: लोकांना चांगल्या गोष्टींची सवय लावणं.

हिवरे बाजारच्या नियमांमध्ये श्रमदान आहे, ते या नजरेने बघा. श्रमदानातून चर खोदले जातात हे खरंच. पण ज्याने स्वतःच्या हाताने डोंगरावर चर खोदलाय, तो त्या डोंगरावर शेळ्या सोडताना दहादा विचार करतो. ज्याने झाड लावून जगवलंय, त्याला कुऱ्हाडबंदी शिकवावी लागत नाही.

तीस वर्षं म्हणजे एक अख्खी पिढी. आज गावात ज्यांचं वय तीसच्या आत आहे, त्यांनी मोकळा बोअर आणि मोकाट चराई बघितलेलीच नाही. त्यांच्यासाठी ही बंदी नाही, ही गावाची रीत आहे.

याच कारणासाठी ॲरिस्टॉटल कायदे सतत बदलू नका असंही सांगतो. कायद्याची ताकद सवयीत असते आणि सवय लागायला वेळ लागतो. दर दोन वर्षांनी नियम बदलला तर लोकांना सवय एकाच गोष्टीची लागते, नियमाकडे दुर्लक्ष करण्याची.

यावरून आपल्याकडचं एक उदाहरण आठवेल. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असं राज्यात २०१७ मध्ये ठरलं, २०२० मध्ये ते रद्द झालं आणि २०२२ मध्ये परत आलं.

लाल दोरी आणि तहकूब सभा

अथेन्सची लोकसभा, म्हणजे एक्लेसिया, प्निक्स नावाच्या टेकडीवर भरायची. प्रतिनिधी वगैरे काही नाही, नागरिकच जमायचे आणि हात वर करून निर्णय घ्यायचे. इ.स.पू. चौथ्या शतकात वर्षाला सुमारे ४० सभा व्हायच्या. काही महत्त्वाच्या निर्णयांसाठी ६००० जणांची गणपूर्ती लागायची.

लोक आनंदाने धावत यायचे असं वाटत असेल तर थांबा. ॲरिस्टोफनीस या नाटककाराच्या प्रहसनात एक गमतीशीर प्रसंग येतो. सभा भरायची वेळ झाली तरी लोक बाजारात गप्पा हाणत बसलेत. मग लाल रंगात बुडवलेली दोरी ताणून त्यांना टेकडीकडे हाकललं जातं. कपड्यावर लाल डाग म्हणजे सभेला टाळाटाळ केल्याचा पुरावा. पुढे तर सभेला येणाऱ्यांना भत्ता सुरू करावा लागला.

आता महाराष्ट्रातली ग्रामसभा आठवा. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य आहे. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लोक पुरतात. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग दहा-पंधरा जण बसतात, सह्या होतात आणि गावाचे निर्णय होऊन जातात. नंतर आपण चहाच्या टपरीवर म्हणतो, "गावाचा पैसा कुठं जातो कोण जाणे!"

अथेन्सने या पैशाचाही बंदोबस्त केला होता. तिथली बहुतेक पदं चिठ्ठी टाकून भरली जायची आणि मुदत एक वर्षाची. मुदत संपली की प्रत्येक अधिकाऱ्याला हिशोब द्यावा लागायचा. कोणताही नागरिक तक्रार करू शकायचा. माणूस कितीही मोठा असो, हिशोबातून सुटका नाही.

आपल्याकडेही ग्रामपंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. आणि माहितीचा अधिकार आहे. तो मिळवण्याच्या लढ्यात राळेगणचा मोठा वाटा होता. महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीचा आहे आणि त्यासाठी अण्णा हजारेंनी उपोषणं केली होती. म्हणजे हिशोब मागायचा हक्क आपल्याकडे आहे. मागणारा माणूस मात्र सभेला हजर पाहिजे.

चांगला माणूस की चांगला कायदा?

"हे सगळं ठीक आहे, पण प्रत्येक गावाला पोपटराव कुठून आणायचा?" हिवरे बाजारबद्दल हा प्रश्न हमखास विचारला जातो.

प्लेटोचं आधीचं उत्तर याच वाटेने जाणारं होतं. ज्ञानी माणसाला राजा करा, नाहीतर राजाला ज्ञानी करा. हा प्रयोग करायला तो सिसिली बेटावरच्या सिराक्यूजला गेला. तिथल्या सत्ताधीशाला घडवायचा प्रयत्न पार फसला. त्यानंतर म्हातारपणी त्याने 'लॉज' लिहिला. त्यात भर ज्ञानी राजावर नाही, कायद्यांवर आहे.

अहिल्यानगरकरांना या वादासाठी ग्रीसला जायचीही गरज नाही. ज्यांच्या नावाने जिल्ह्याचं नामांतर झालं, त्या अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. जन्म १७२५ चा. १७६७ ते १७९५ अशी २८ वर्षं त्यांनी महेश्वरहून राज्य केलं. रोज दरबारात बसून त्या लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. चांगला राज्यकर्ता कसा असावा याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

पण त्यांच्या मागे काय झालं? १७९५ मध्ये अहिल्याबाई गेल्या, १७९७ मध्ये तुकोजी होळकर गेले आणि लगेच वारसांमध्ये गादीसाठी लढाई पेटली. चांगल्या राज्यकर्त्याचा चांगुलपणा गादीबरोबर पुढच्याला मिळत नाही. मागे राहते ती व्यवस्था, जर ती उभी केली असेल तर.

ॲरिस्टॉटलनेही हाच मुद्दा मांडला. माणूस कितीही चांगला असला तरी त्याला राग येतो, लोभ सुटतो. कायद्याला ते होत नाही. शिवाय अनेकांनी डबे आणून केलेली पंगत एकाच्या स्वयंपाकापेक्षा सरस होऊ शकते, तसे अनेक सामान्य लोक मिळून एका शहाण्यापेक्षा चांगला निर्णय घेऊ शकतात.

जानेवारी २०२१ मध्ये हिवरे बाजारची या बाबतीत परीक्षा झाली. तीन दशकं बिनविरोध होणारी ग्रामपंचायत निवडणूक त्या वर्षी लढवली गेली. काहींना वाईट वाटलं, आदर्श गावात निवडणूक? निकाल लागला, पोपटरावांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या.

ग्रीकांच्या नजरेने बघितलं तर यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट तीस वर्षांनी लोकांना मतपेटीतून सांगता आलं की हे नियम आम्हाला मान्य आहेत. ॲरिस्टॉटलच्या लेखी नागरिक म्हणजे जो आळीपाळीने राज्य करतो आणि दुसऱ्याचं राज्य मानतोही. विरोध करायची मोकळीकच नसेल तर होकाराला किंमत काय?

आणि बिनविरोध म्हटलं की सगळं पवित्र असतं असंही नाही. त्याच २०२१ च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथे पदांसाठी चक्क बोली लागल्याचं समोर आलं. राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या. एक गाव चर्चेतून एकमत करतं, दुसरं लिलावातून. कागदावर दोन्ही 'बिनविरोध'च दिसतात.

पण सभाच चुकली तर?

इथे सावध राहायला हवं, कारण ग्रीकांची गोष्ट इतकीही सुंदर नाही.

ज्या अथेन्सच्या लोकशाहीचे गोडवे गायले जातात, तिच्यात बायकांना मत नव्हतं, गुलामांना नव्हतं, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांना नव्हतं. ॲरिस्टॉटलने तर गुलामगिरीचं समर्थन केलं. आणि इ.स.पू. ३९९ मध्ये याच लोकशाहीच्या न्यायालयाने बहुमताने सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला. त्याच्यावरचे आरोप काय होते? शहराच्या देवांना मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो.

बहुमत म्हणजे न्याय असं समीकरण नाही. हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. गावकीने आणि जातपंचायतींनी 'गावाच्या भल्यासाठी' कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या घटना इतक्या झाल्या की २०१६ मध्ये राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

हिवरे बाजारच्या नियमांनाही हा प्रश्न विचारता येतो. गावाने लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची केली. हेतू चांगला होता, मुलींची फसवणूक होऊ नये. पण देशाचा २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो की नीट माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही. पाणी सगळ्यांचं आहे, त्यावर सभेने ठरवावं. माणसाचं शरीर आणि त्याची खासगी माहिती त्याची स्वतःची आहे. तिथे सभेच्या हाताला मर्यादा हवी.

ती मर्यादा घालण्याचं काम संविधान करतं. अथेन्सकडे असं संविधान नव्हतं, आपल्याकडे आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. महिलांसाठी राखीव जागा आल्या. महाराष्ट्रात मुख्य ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूदही आहे. अथेन्सला जे जमलं नाही, ते आपल्याकडे निदान कायद्यात तरी आहे.

थोडक्यात काय?

हिवरे बाजारला सरकारी योजनेचा पैसा मिळाला, चांगला नेता मिळाला, गाव लहान होतं, हे सगळं खरंच. पण योजना आणि नेते इतर गावांनाही मिळाले. फरक पडला तो नियम होण्याच्या पद्धतीत. नियम सभेत झाला, आकडे दाखवून झाला, सगळ्यांना सारखा लागू झाला आणि सवय लागेपर्यंत बदलला नाही. सोलन, प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांचं बाकी बाबतीत कितीही बिनसलं, तरी चांगल्या कायद्याच्या या खुणा तिघांच्या कामातून मिळून तयार होतात.

शेवटची खूण अजून तपासायची आहे. पोपटरावांच्या पिढीनंतरही हिवरे बाजारमध्ये ऊस दिसला नाही, तर समजायचं की गावाला नुसता चांगला नेता नाही, चांगला कायदा मिळाला होता.

आणि तुमच्या गावाचं काय? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ग्रामसभेच्या या ठरलेल्या तारखा. सकाळी झेंडावंदनाचा फोटो स्टेटसला टाकून झाला की सभेला जा. जमाखर्च वाचून दाखवा म्हणा. गावात पाऊस किती झाला, विहिरींची पातळी किती, कोणी मोजलंय का, विचारा.

लाल दोरी घेऊन तुम्हाला हाकलायला कोणी येणार नाहीये.